देवीला जे दिसतं ते : कोल्हापुरातल्या कामाच्या नोंदी

2 नोव्हेंबर, शिवाजी पेठ

काल रात्री पोचले. नोंदी मराठीत लिहायच्या हे विमानातच ठरवलं. 1998 ला पीएचडीसाठी कॅनडाला गेले तेव्हापासून कामाचं सगळं इंग्रजीतच लिहीत आले, वह्या, रिपोर्ट, पेपर सगळं, आणि हे काम तसं लिहायला घेतलं की त्याचं लगेच प्रपोजल होतं. मला प्रपोजल नकोय.

काम काय ते एकदा नीट लिहून ठेवते. अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. या दोन किरणोत्सवांच्या मधे सूर्य कुठनं कुठं जाऊन परत येतो ते मला एका कागदावर धरायचंय. लेन्स नाही, सेन्सर नाही. रिकामा कॅन, त्याला सुईच्या टोकाचं भोक, आत ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपर, आणि तो डबा भिंतीला बांधून सोडून द्यायचा. सोलरग्राफी म्हणतात याला. सूर्य रोज त्या कागदावर एक रेघ ओढतो आणि कागद डेव्हलप न करताच ती उमटते, नुसत्या उन्हानं.

4 नोव्हेंबर

पुतण्यानं 20 रिकामे कॅन गोळा करून ठेवलेले, अर्धा लिटरचे, त्यातले बरेचसे बिअरचे. वहिनींनी दोनदा धुतले आणि मग हळूच म्हणाल्या, "वन्सं, देवळाच्या बाजूला तेवढे हे नको." बरोबर आहे त्यांचं. महाद्वार रोडला लावायचे ते सगळे थंड पेयाचे घेणार, बाकीचे शेतावर आणि नदीकडे.

दिवसभर भोकं पाडली. कॅनला आधी खिळ्यानं मोठं भोक, त्यावर आतून पातळ ॲल्युमिनियमचा तुकडा, आणि त्या तुकड्याला सुईचं नुसतं टोक टेकवून फिरवत फिरवत पाडलेलं बारीक भोक. मग झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं कडा घासायच्या, कडेला जरा जरी चुरा राहिला तर रेघ फाटते. कॅनची रुंदी साडेसहा सेंटीमीटर, त्या हिशोबानं भोक 0.35 मिलीमीटरच्या आसपास पाहिजे. 14 नीट झाले. रात्री बाथरूममधे लाल झिरोचा बल्ब लावून पेपर भरले. पेपर तिकडनंच आणलेत, मुदत संपून गेलेले, या कामाला ते चालतात. वहिनी बाहेरनं विचारत होत्या अजून किती वेळ, जेवण गार व्हायलंय.

6 नोव्हेंबर, महाद्वार रोड

तीन गच्च्या मिळाल्या. एक आतेभावाची, एक त्याच्या दुकानाच्या मालकांची, तिसरी एका काकूंची ज्या आईला ओळखायच्या. त्यांनी चहा केला, मग दुसऱ्यांदा केला, मग विचारलं, "देवीचा फोटो काढणार काय?" नाही म्हटलं. गाभाऱ्यात फोटो काढायला बंदी आहे ते एक झालंच, पण परवानगी मिळाली असती तरी मी काढला नसता. आई दर शुक्रवारी देवळात जायची, मी कॉलेजात असताना एकदा तिला म्हटलेलं की तीच मूर्ती दर आठवड्याला काय बघायची. ती म्हणाली, मी बघायला कुठं जाते, तिनं मला बघावं म्हणून जाते.

ते वाक्य माझ्याबरोबर इतकी वर्षं राहिलं आणि दोन वर्षांपूर्वी कॅनडात, सास्काटूनच्या बाल्कनीत बर्फात पहिला डबा बांधताना त्यातनं हे काम निघालं. देवी पश्चिमेला तोंड करून उभी आहे. मग माझा डबापण पश्चिमेला तोंड करून. तिच्याकडे पाठ करून, ती जिकडं बघते तिकडं बघत.

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग गच्चीवरची वाळत घातलेली चादर स्वतः उठून बाजूला केली.

9 नोव्हेंबर

14 पैकी 11 डबे आज पाचच्या आत उघडले, म्हणजे भोकावरची काळी टेप काढली. संध्याकाळी देवळात. अंगण गच्च भरलेलं, सगळ्यांचं लक्ष जमिनीवर. मी लहानपणी आईच्या खांद्यावरनं हे बघितलंय पण ऊन कसं चालत येतं ते तेव्हा कळलं नव्हतं. महाद्वारातनं गरुड मंडप, मग गणपती चौक, मग पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा, मग कटांजन. लोक ही नावं स्टेशनांसारखी पुकारतात, "पितळी उंबऱ्याला आलं, आलं," आणि गर्दीतनं आवाज पुढं जातो. लक्स मीटर घेतलेले अभ्यासकही असतात, दर टप्प्याला उजेड किती ते मोजतात.

आपण कॅमेरा म्हणतो तो शब्दच मुळी खोलीचा. अंधारी खोली, एक दार, आत येणारं ऊन. मी उभी होते ती जागा म्हणजे दगडाचा मोठा पिनहोल होता आणि मी माझे डबे त्याची नक्कल म्हणून करतेय हे आज पायात गोळे येईपर्यंत उभं राहिल्यावर समजलं.

11 नोव्हेंबर

मी मागे होते, आतलं दिसलं नाही. घंटा वाजायला लागल्या तेव्हा शेजारच्या बाईंनी माझा हात धरला, ओळख ना पाळख. तेवढंच लिहिते.

13 नोव्हेंबर

सकाळी साडेसातला फोन. महाद्वार रोडच्या दुसऱ्या गच्चीवरच्या डब्याची कुणीतरी पोलिसांना तक्रार केलेली, काळी टेप गुंडाळलेला डबा, देवळाच्या इतक्या जवळ, साहजिक आहे. पळत गेले. दोन कॉन्स्टेबल गच्चीवर, डब्यापासून लांब उभे. मी सांगितलं तरी त्यांना उघडून बघायचंच होतं आणि मी म्हटलं उघडला की कागद जळतो, म्हणजे खरा जळत नाही, काळा पडतो. जळतो हा शब्द वापरायला नको होता. शेवटी पिशवीतला मोकळा कॅन काढला, त्यांच्यासमोर कापला, भोक दाखवलं, कागद दाखवला. त्यातले वयानं मोठे होते त्यांनी भोकाला डोळा लावला आणि विचारलं, "यातनं तीन महिने सूर्य येणार?" येणार म्हटलं. "आणि बटण?" बटण नाही.

आता सगळ्या डब्यांवर पांढरी पट्टी चिकटवलीय: "ही फोटोची डबी आहे. आत फक्त कागद आहे. कृपया हलवू नका." खाली दादाचा नंबर.

20 नोव्हेंबर

आज गंगावेशीत दूध घेताना भैयानं विचारलं कधी आला, तर तोंडातनं आपसूक निघालं, "पंधरा दिस झालं की आलो." आलो. आमच्याकडं बायका असंच बोलतात, आई असंच बोलायची, मी येतो, मी जातो, मी जेवलो. पुण्याला हॉस्टेलला असताना मुली हसायच्या म्हणून मी ते मोडून काढलेलं. आज परत आलं तर बरं वाटलं. आता नोंदीपण तशाच लिहिणार.

28 नोव्हेंबर

खरी कॉर्नरला गेलो, कॅमेरा स्तंभ बघायला. जाता येता हजारदा बघितलाय पण आज मुद्दाम थांबलो. बाबुराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव, दोघंही चित्रकार. सिनेमाचा कॅमेरा आपण स्वतः करायचा हे दोघांनी मनावर घेतलं. आनंदराव 1916 ला गेले, काम अर्धवट, आणि बाबुरावांनी ते पुढं नेऊन इथं कोल्हापुरात कॅमेरा तयार केला. मिस्त्री घराणं, हाताला लाकडाची आणि धातूची सवय. माझ्या सुई आणि कॅनच्या कामाशी त्याची तुलना नाही, पण कॅमेरा विकत आणायची वस्तू नसून करायची वस्तू आहे हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं, आणि मी ते सास्काटूनमधे एका वर्कशॉपला पैसे भरून शिकलो.

6 डिसेंबर, रंकाळा

संध्यामठाच्या समोरचा डबा ठीक आहे. कडेला कोळ्यानं जाळं केलंय, भोकावर नाही, म्हणून राहू दिलं.

इथं आलं की आबालाल रहिमान आठवतात. जेजेला शिकलेला माणूस, शाहू महाराजांचा आश्रय असलेला, आणि नंतरची वर्षं फकिरासारखी राहून रंकाळा नि पंचगंगा रंगवत बसलेला, त्याच त्या पाण्यावरचा सकाळचा उजेड, संध्याकाळचा उजेड. 1931 ला गेले. प्राध्यापकी सोडली तेव्हा तिकडचे सहकारी मला काळजीनं विचारायचे की आता तू नक्की काय आहेस, तेव्हा माझ्याकडं त्यांना सांगायला आबालाल होते पण त्यांना आबालाल माहीत नव्हते. स्थलांतराचं मला सगळ्यात जड गेलं ते हे. भाषा शिकता येते, थंडी सोसता येते, पण ज्यांच्या जोरावर आपण एखादी गोष्ट करतो ती माणसं तिकडं कुणाच्या ओळखीची नसतात, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता तीच लहान होतात.

आजी सांगायची इथला नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, रंकाळ्यात पोचला की जग बुडणार. लहानपणी मी खडूनं खूण करून बघितलेली.

15 डिसेंबर, शेतावर

करवीर तालुक्यातलं आमचं रान. दादाचं गुऱ्हाळ चालू झालंय, चिपाडावर, म्हणजे रस काढून वाळवलेल्या उसावर, पेटलेल्या चुलवाणाच्या धगीजवळ उभं राहिलं की पाठ गार नि तोंड गरम. गुळव्या मामा काहिलीतली मळी काढत होते, मी आल्याबरोबर आधी ताजा रस, मग कोमट गूळ हातावर.

इथंच ते लिहायला पाहिजे.

माझी पीएचडी पंचगंगेच्या खोऱ्यातल्या उसावर होती. सॅटेलाइटच्या इमेजवरनं उसाखालचं क्षेत्र काढायचं. लँडसॅटच्या त्या इमेजमधे हिरवळ लाल दाखवायची पद्धत आहे, कारण झाडं डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड जास्त परत फेकतात आणि तो स्क्रीनवर लाल रंगात मांडतात. म्हणजे आमचा हिरवागार ऊस मी चार वर्षं लाल बघितला. तेव्हा मला ते आवडायचं, खरंच आवडायचं, रात्री दोन वाजता बाहेर उणे तीस आणि स्क्रीनवर माझी नदी, माझं गाव, दादाचं रान एवढंसं. त्यावर पेपर झाले, नोकरी लागली, पुढं बरीच वर्षं शिकवलं.

2016 ला आईबरोबर इथं बांधावर बसलेलो. रानाच्या या कोपऱ्यात आई शेवंती लावायची, दोन गुंठे फक्त, अंबाबाईला न्यायला आणि उरली तर शेजारपाजारी. मी सहज हिशोब केला. लँडसॅटचा एक पिक्सेल 30 मीटर बाय 30 मीटर, म्हणजे जवळजवळ 9 गुंठे. आईची शेवंती एका पिक्सेलच्या पाव हिश्शाएवढीपण नाही. माझ्या प्रबंधात ती ऊस म्हणून मोजली गेलीय. चूक नाही म्हणता येणार, पद्धत तशीच आहे, त्या आकड्यांचा उपयोगही झाला, पाण्याचं नियोजन करणाऱ्यांना तसलं काम लागतंच. पण मी आईला म्हटलं, तुझी फुलं माझ्या नकाशात नाहीत. ती म्हणाली, "नसू देत की, देवीला पोचतात." आणि फुलं खुडत राहिली.

पुढच्या वर्षी नोकरी सोडली. एवढ्या एका गोष्टीनं सोडली असं नाही, विभाग दुसऱ्यात विलीन झालेला, आम्हा काहीजणांचे करार वर्षावर आणलेले, एका मीटिंगमधे माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्याचा हिशोब एका तक्त्याच्या एका ओळीत मांडलेला मी बघितला. त्या ओळीकडं बघताना मला शेवंती आठवली.

आई 2020 ला गेली. विमानं बंद होती. दादानं फोनवर दाखवलं.

शेवंती वहिनींनी चालू ठेवलीय. आज दोन डबे तिथं बांधले, बांधावरच्या बाभळीला.

21 डिसेंबर

आज सूर्य सगळ्यात दक्षिणेला. 10 नोव्हेंबरला तो बरोबर पश्चिमेला न मावळता साधारण 18 अंश दक्षिणेकडं सरकून मावळतो, आज साडेचोवीस अंशांच्या आसपास. आता इथनं परत फिरणार आणि 1 फेब्रुवारीला पुन्हा त्याच 18 अंशांवर. 10 नोव्हेंबर इथनं 41 दिवस मागं, 1 फेब्रुवारी 42 दिवस पुढं. म्हणून किरणोत्सव वर्षातनं दोनदा. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी हे उभं राहून बघितलं असणार, एक वर्ष नाही, किती वर्षं कोण जाणे, खुणा करत.

ठरल्याप्रमाणे निम्म्या ठिकाणी डबे बदलले. म्हणजे काही डब्यांत फक्त जायची वाट, काहींत फक्त यायची, आणि महाद्वारच्या तीनमधे दोन्ही. शेतावरचे दोन्ही आजपासून नव्यानं.

रात्री झोप नव्हती तेव्हा सुगिमोतोंबद्दल विचार करत होतो. फोटोग्राफर हिरोशी सुगिमोतो 1970 ला जपानमधनं अमेरिकेला गेले, आधी टोकियोत राजकारण आणि समाजशास्त्र शिकलेले. पुढं त्यांना क्योतोच्या सान्जुसान्गेनदो देवळातल्या कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या 1001 मूर्तींचे फोटो काढायचे होते, परवानगीला सात वर्षं लागली. 1995 ला काढले तेव्हा देवळातले आत्ताचे दिवे बंद करून नुसत्या सकाळच्या उजेडात. परदेशात राहून आपल्याच देवळाच्या दारात सात वर्षं थांबायचं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा नोकरी सोडून चार महिने झालेले आणि मला कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं झालं.

4 जानेवारी

पंचगंगा घाटावरचा डबा गेला. दोरी तेवढी आहे. कुणाला उपयोगी पडला असेल तर ठीक.

14 जानेवारी

संक्रांत. वहिनींबरोबर वाण घेऊन पाच घरं केली, प्रत्येक घरात डब्यांची चौकशी. एका आजींनी विचारलं आजपासनं उत्तरायण ना, मग तुझा सूर्य आज वळला असेल. खरा वळला 21 डिसेंबरलाच, पण मी व्हय म्हटलं आणि तिळगूळ घेतला.

20 जानेवारी

तीन दिवस झाले दुपारनंतर ढग. महाद्वारच्या डब्यांची काळजी वाटायला लागलीय. खरं म्हणजे काळजीचं कारण नाही, ढग असतील तर ढग उमटतील. पण रोज साडेचारला गच्चीवर जाऊन बघतोच.

2 फेब्रुवारी

तिन्ही दिवस गेलो. आज काकूंबरोबर लवकर जाऊन पुढं जागा मिळाली. सव्वासहाच्या सुमाराला ऊन चांदीच्या उंबऱ्यावरनं आत गेलं तेव्हा पुढची गर्दी एकदम खाली बसली, कुणी सांगितलं नाही, मागच्यांना दिसावं म्हणून. मी पण बसलो. त्यामुळं वर मुखापर्यंत गेलं का ते मला सांगता येणार नाही, माझ्या डोळ्यासमोर फरशी होती आणि फरशीवर ऊन, आणि त्यात माझ्या बोटांची सावली. काकू रडत होत्या.

तिथनं थेट गच्चीवर. अंधारात टेप लावून तिन्ही डबे बंद केले.

4 फेब्रुवारी

स्कॅनिंग. हे एकदाच करता येतं, स्कॅनरचा उजेडपण कागद काळा करत जातो, आणि फिक्सरमधे टाकला तर चित्र फिकं होऊन जवळपास जातंच. म्हणून एकच पास, मग कागद काळ्या पाकिटात.

महाद्वारचा पहिला डबा. कागद तपकिरी गुलाबी, त्यावर काळपट पट्टा. स्क्रीनवर उलटा करून फिरवला की खाली घरांच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, एक डिश अँटेना, आणि वर डावीकडनं उजवीकडं उतरत आलेला उन्हाचा रुंद पट्टा. रोजची रेघ आदल्या दिवसाच्या रेघेला निम्मी चिकटूनच असते, कारण या दिवसांत सूर्य रोज स्वतःच्या रुंदीच्या निम्म्यानंच सरकतो. खालच्या कडेला, डिसेंबरात, तर तो थांबल्यासारखाच असतो, तिथं रेघांची एकच जाड पांढरी किनार झालीय. आणि वरची कड म्हणजे दोन्ही किरणोत्सव. नोव्हेंबरचा आणि फेब्रुवारीचा, एकावर एक. वेगळे काढता येत नाहीत.

दुसऱ्यात पाणी गेलं, डावीकडं निळा डाग. तिसरा छान. रंकाळ्याच्या डब्यात पाण्यातलं प्रतिबिंबपण आलंय, संध्यामठाच्या दोन्ही बाजूला पट्टे.

6 फेब्रुवारी, शेतावर

बाभळीवरचे दोन्ही डबे काढून इथंच खोलीत पडदे लावून स्कॅन केले, लॅपटॉप गुळाच्या रव्यांवर ठेवून. पुढं शेवंतीच्या काड्या अंधुक, मागं ऊस, वर 21 डिसेंबरपासनंच्या रेघा. पट्ट्याच्या मध्याच्या जरा खाली एक बारीक काळी फट होती. मी दादाला समजावून सांगायच्या बेतात होतो की ही फट म्हणजे ढग.

त्यानं चष्मा लावला, स्क्रीनला बोट लावलं. "हे तीन दिस गुऱ्हाळ बंद ठेवलं नव्हतं काय? चिपाड वाळत नव्हतं." 18, 19, 20 जानेवारी. वही काढून तारखा जुळवल्या, तेच होते.

मग महाद्वारचा कागद स्क्रीनवर आणला, तिथं ती फट नव्हती. दादा म्हणाला, "तिकडं ढग नव्हतं काय?" होतं. पण 22 नोव्हेंबरच्या सुमाराला सूर्य जाताना याच वाटेनं गेलेला, तेव्हा स्वच्छ ऊन होतं, आणि त्या उन्हानं ही जागा आधीच भरून ठेवलेली.

दादा बराच वेळ ते दोन्ही चित्रं आलटून पालटून बघत बसला. वहिनींनी चहा आणला तर त्यांनाही दाखवलं, बोट ठेवून, हे आपलं चिपाड वाळत नव्हतं ते. वहिनींनी फट बघितली नाही, खालच्या त्या अंधुक काड्या बघितल्या आणि म्हणाल्या, "आत्यांची शेवंती आली की ओ."

माझं परतीचं तिकीट 11 तारखेचं. दोन भरलेले डबे शिल्लक आहेत. संध्याकाळी दादा हातात पहार घेऊन आला, विहिरीजवळ पश्चिमेला तोंड करून एक खांब रोवलाय म्हणाला, तिथनं पाऊस सुरू होईपर्यंतचं सगळं येईल का बघ.